चिलीत राजमा घालायचा की नाही? टेक्ससवाल्यांनो, जरा मदत करा

ऑस्टिनची_चिमणी

नमस्कार मंडळी. ऑस्टिनला येऊन मला चौदा महिने झाले. आमच्या ऑफिसात थंडी सुरू झाली की चिली कुकऑफ असतो, म्हणजे चिली नावाच्या मिरचीच्या दाट, मांस घातलेल्या रश्श्याची स्पर्धा. ज्याने त्याने घरून स्लो कुकर भरून चिली आणायची, सगळ्यांनी कागदी वाट्यांतून चाखायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. गेल्या वर्षी मी हौसेने भाग घेतला. नेटवर पहिली दिसली ती रेसिपी उचलली, चिकनचा खिमा, टोमॅटो, मक्याचे दाणे, सिमला मिरची आणि दोन डबे राजमा. चव खरंच छान झाली होती, घरी नवऱ्याने दोनदा मागून घेतली.

तर ऑफिसात एक आजोबा आहेत, इमारतीची देखभाल बघतात, पट्ट्याला हाताएवढं बक्कल, पायात बूट. त्यांनी वाटीत चमचा घातला, एक राजमा वर उचलला, माझ्यासमोर धरला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, पोरी, सूप फार छान झालंय, पण याला चिली नको म्हणूस. बोलले प्रेमानेच, पूर्ण वाटी संपवली पण. तरी मला ते लागलं. वर्षभर डोक्यात आहे.

यंदाचा कुकऑफ तीन आठवड्यांवर आलाय. मला यावेळी नीट करायची आहे. राजमा चालत नाही हे कळलं, पण मग टोमॅटो चालतो का? कांदा? आणि आम्ही बीफ खात नाही, मग मटणाची केली तर ती तरी चिली म्हणवेल का? इथे बरेच जण टेक्ससात वर्षानुवर्षं राहिलेत, म्हणून विचारतेय.

टिंबटिंब

राजमा नाही तर मग उरलं काय, मटणाची भाजी!

लवंगी_मिरची

चिमणे, आजोबा बरोबर आहेत. बावीस वर्षं ह्यूस्टनला आहे, इथे चिलीत बीन्स घातले की लोक दुखावतात, आपल्याकडे पुरणपोळीत नारळ भरून कोणी ती पुरणपोळी म्हणून वाढली तर आपण दुखावू तसं. पदार्थ वाईट नसतो, नाव चुकीचं असतं. इथे चिली म्हणजे मांस, सुक्या लाल मिरच्यांचं वाटण, लसूण, जिरं, ओरेगानो. संपलं. टोमॅटोवरून मात्र टेक्ससातल्या टेक्ससात भांडणं आहेत.

शुद्ध_शाकाहारी

मग आम्ही काय करायचं? मी डॅलसला आहे, ऑफिसात दर वेळी मला फक्त कॉर्नब्रेड मिळतो. बीन्सची चिली ही माझ्या दृष्टीने चिलीच आहे आणि मी ती तशीच म्हणणार.

कढईतला_बुडबुडा

+१ शुद्ध शाकाहारी. आणि मला एक कळत नाही, हे कोण ठरवतं? अमेरिकेत इतर कुठेही जा, ओहायोत जा, मिशिगनला जा, चिलीत बीन्स असतातच. डब्यातल्या चिलीत असतात, शाळेच्या कॅन्टीनमध्ये असतात. एका राज्याने म्हटलं म्हणून बाकीच्यांची चिली खोटी? कोल्हापूरकरांनी पुण्याच्या मिसळीला मिसळ म्हणू नका म्हटलं तर पुणेकर ऐकतील का?

घाटावरचा

पुण्याच्या मिसळीत पोहे आणि बटाट्याची भाजी घालतात, तिला आम्ही मिसळ म्हणत नाहीच, प्रश्न कुठे आला :)

टिंबटिंब

झालं. आता धागा शंभरी गाठणार.

जुना_सॅन_अँटोनियोकर

चिमणीताई, प्रश्न चांगला विचारलात. मी १९९८ पासून सॅन अँटोनियोत आहे, आणि हा पदार्थ जिथे उभा राहिला ते चौक माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहेत, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी नाव बघा. चिली कॉन कार्ने, म्हणजे मांस घातलेली मिरची. मिरची घातलेलं मांस नव्हे. मुख्य जिन्नस मिरची, मांस तिच्यासोबत आलेलं. लोक बीन्स की नो बीन्स यावर रात्ररात्र भांडतात आणि मिरचीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता परंपरा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या मिलिटरी प्लाझामध्ये संध्याकाळी मेक्सिकन वंशाच्या बायका यायच्या, घरून मोठमोठ्या भांड्यांत चिली शिजवून आणायच्या, उघड्यावर लांब टेबलं लावायच्या, कंदील पेटवायच्या आणि कोळशाच्या किंवा लाकडाच्या शेकोटीवर भांडी गरम ठेवायच्या. गाडीवान, शिपाई, गुरं हाकणारे, प्रवासी सगळे एकाच बाकावर बसून खायचे. या बायकांना चिली क्वीन्स म्हणायचे. १८९० च्या आसपास त्या चौकात सिटी हॉल बांधला गेला आणि त्यांना तिथून उठावं लागलं, मग त्या दुसऱ्या चौकांत गेल्या, आलामो प्लाझा, हेमार्केट. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात सॅन अँटोनियोच्या चिलीचा स्टॉल होता, तिथे बाकीच्या अमेरिकेने ती चाखली. पुढे १९३७ मध्ये शहराच्या आरोग्य खात्याने नियमांचा बडगा उगारला, आणि काही वर्षांत हे सगळं बंद पडलं.

म्हणजे ज्या बायकांनी हा पदार्थ गावाला खाऊ घातला त्यांना चौकातून उठवलं, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, १९७७ मध्ये, टेक्ससच्या विधिमंडळाने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ केलं. अस्सल चिली अस्सल चिली म्हणून जे छाती पुढे काढतात त्यांच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं? मी ऑफिसात हे सांगतो तेव्हा निम्मे लोक पहिल्यांदा ऐकत असतात.

आणि तुमच्या राजम्याचं उत्तर त्या टेबलांवरच आहे. दहा सेंटला ताटली मिळायची, त्यात चिली, बाजूला बीन्स आणि टॉर्टिया. बीन्स होते! पण शेजारी होते, आत नव्हते. म्हणजे भांडण आहे ते एक इंच डावीकडे की उजवीकडे एवढंच आहे.

लवंगी_मिरची

काका, हे सुंदर लिहिलंत. दहा सेंटवाली ताटली मला माहीतच नव्हती.

कढईतला_बुडबुडा

काका, पटलं. पण तुमच्याच मुद्द्याने जायचं तर ज्या माणसाने ताटलीतले बीन्स चिलीत कालवून खाल्ले असतील त्याला त्या बाईने हाकलून दिलं नसेल ना?

जुना_सॅन_अँटोनियोकर

नसेलच दिलं. ताटलीत कालवणं खाणाऱ्याच्या हातात आहे. मी भांड्यातल्याबद्दल बोलतोय. वरण भातावर घेतो म्हणून आपण दोन्ही एका पातेल्यात शिजवत नाही.

टिंबटिंब

खिचडी: मी येऊ का?

हॅचवाला

इथे न्यू मेक्सिकोतून हजेरी. आमच्याकडे चिली हा शब्दच वेगळा आहे, आम्ही चिले म्हणतो आणि म्हणजे नुसती मिरची किंवा मिरचीचा रस्सा. हॉटेलात बसलं की पहिला प्रश्न, रेड ऑर ग्रीन? राज्याचा अधिकृत प्रश्नच आहे तो. दोन्ही हवं असेल तर ख्रिसमस म्हणायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात दुकानांबाहेर लोखंडी जाळीची पिंपं फिरवत आमच्या हॅच गावच्या हिरव्या मिरच्या भाजतात, त्या वासाने मला आजीच्या चुलीत भाजलेल्या मिरच्यांचा ठेचा आठवतो आणि दर वर्षी वीस किलोची गोणी घेऊन फ्रीजर भरतो. काकांचा मुद्दा शंभर टक्के. मिरची आधी.

सिनसिनाटीकर

आता मला मारायला धावू नका. आमच्या गावात चिलीत दालचिनी आणि लवंग वगैरे गरम मसाला असतो, आणि ती स्पॅगेटीवर ओततात, वर बारीक किसलेल्या चीजचा डोंगर. हे थ्री वे. कांदा किंवा बीन्स घातले की फोर वे, दोन्ही घातले की फाइव्ह वे. १९२२ मध्ये मॅसेडोनियातून आलेल्या किराजिफ बंधूंनी एका थिएटरशेजारी दुकान काढलं तिथून हे सुरू झालं. त्यांनी आपल्या गावाकडचे मसाले घातले आणि नाव अमेरिकन दिलं. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला वाटलं कोणीतरी पातळ खिम्यात दालचिनी सांडली. आता दर शुक्रवारी जातो. मुलगी तर इथेच जन्मली, तिच्यासाठी चिली म्हणजे हीच, तिला काकांची लाल वाटी दिली तर ती विचारेल स्पॅगेटी कुठेय.

लवंगी_मिरची

स्पॅगेटीवर??? माफ करा, मी थोडा वेळ बाहेर जाऊन येते.

घाटावरचा

दालचिनी लवंग घातलेल्या खिम्याला माझी हरकत नाही बुवा. शेवयांना आहे.

रात्रपाळी

विषय राजम्याचा निघालाच आहे तर एक गंभीर गोष्ट सांगते, कृपया सगळ्यांनी वाचा. ज्यांना बीन्सवाली करायची त्यांनी जरूर करा, पण सुका राजमा भिजवून तसाच स्लो कुकरमध्ये टाकू नका. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, ते जायला तो कमीत कमी दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. स्लो कुकर कमी आचेवर तेवढा तापत नाही, आणि अर्धवट तापला तर त्रास आणखी वाढतो. आमच्याकडे एका पॉटलकला हे घडलंय. एका मैत्रिणीने रात्री भिजवला, सकाळी लो वर लावून कामाला गेली, दिसायला शिजलेला दिसत होता, दाताखाली जरा कचकच. दोन-तीन तासांत सात जणांना उलट्या. मी स्वतः त्यात होते. आपल्या घरी प्रेशर कुकर असतो म्हणून आपल्याला हे कधी कळलंच नाही, आपल्या आयांनी शिट्ट्या करून आपल्याला वाचवलं. डब्यातला राजमा शिजलेला असतो, त्याला भीती नाही.

ऑस्टिनची_चिमणी

बापरे रात्रपाळीताई! मी गेल्या वर्षी डब्यातला घातला होता, नशीब. हे मला अजिबात माहीत नव्हतं.

शुद्ध_शाकाहारी

याबद्दल मनापासून आभार. मी सुकाच वापरते, पण कुकरला लावते आधी. आणखी एक, टोमॅटो आधी घातला की राजमा तासन्‌तास शिजत नाही, आंबटपणाने साल आखडते. राजमा पूर्ण मऊ झाल्यावरच टोमॅटो.

मधली_बर्थ

मी पहिल्यांदाच लिहितोय, बरीच वर्षं नुसता वाचत होतो. माझा किस्सा. २०११ ला नवीनच आलो होतो, रूमवर चार मुलं, कोणालाच स्वयंपाक येत नाही. डब्यामागे चिलीची रेसिपी होती, पाव कप चिली पावडर घाला. आमच्याकडे आईने पाठवलेलं संकेश्वरी मिरचीचं तिखट होतं. घातलं पाव कप. पहिला घास घेतलेला रूममेट बेसिनपाशी गेला आणि नळाखालीच तोंड धरून राहिला, बाकीच्या आम्ही तिघांनी दूधभात खाल्ला. नंतर कळलं की इथे चिली पावडर म्हणजे नुसतं तिखट नाहीच, मसाला आहे तयार.

जुना_सॅन_अँटोनियोकर

मधली बर्थ, स्वागत! अगदी महत्त्वाचं सांगितलंत. इथली चिली पावडर म्हणजे आंचोसारखी कमी तिखट मिरची, त्यात जिरं, ओरेगानो, लसूण. ती बाजारात आणली विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन माणसाने, सॅन अँटोनियोजवळच्या न्यू ब्राउनफेल्सला, १८९० च्या दशकात. मिरच्या ठरावीक हंगामात मिळायच्या आणि त्याला चिली बारा महिने विकायची होती, म्हणून वाळवून दळली. आपल्या आया उन्हाळ्यात वर्षाचं तिखट, मसाला करून ठेवतात, त्याचाच हा धंद्यातला अवतार. पण त्या बाटलीमुळे एक झालं, सगळ्या अमेरिकेची चिली एका चवीची झाली आणि लोक अख्ख्या मिरच्या विसरले.

कढईतला_बुडबुडा

म्हणजे काका, मेक्सिकन बायकांचा पदार्थ, जर्मन माणसाची पावडर, आणि जिरं तर अमेरिकेतलं नाहीच. मग शुद्ध काय राहिलं त्यात? मी भांडायला नाही विचारत, खरंच विचारतोय.

जुना_सॅन_अँटोनियोकर

खरा प्रश्न आहे. जिऱ्याबद्दल इथे असं सांगतात की १७३१ मध्ये कॅनरी बेटांवरून काही कुटुंबं स्पेनच्या राजाने इथे वसवली, त्यांच्या हातची जिऱ्याची सवय गावाला लागली. कुटुंबं आली हे पक्कं, जिऱ्याची गोष्ट गावकऱ्यांच्या तोंडची. मी शुद्ध म्हणतच नाही. मी म्हणतो, मिरचीची चव पुढे आली पाहिजे. राजमा घातला की त्याचा पिठूळपणा रश्श्यात उतरतो आणि मिरचीवर झाकण बसतं. गोड मका, सिमला मिरची, साखर घातली की तेच. माझी हरकत जिभेची आहे, सोवळ्याची नाही.

घाटावरचा

काका आता तुम्ही माझ्या भाषेत बोललात. तांबड्या रश्श्याचं हेच. लोक त्यात टोमॅटो पिळतात, काजू वाटतात, मग मिरचीचा रंग दिसतो पण वास कुठे जातो ते त्यांना कळत नाही. आणि गंमत बघा, मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, त्याआधी आपण मिरी आणि पिंपळीवर तिखट भागवत होतो. मिरची मूळ अमेरिकेची, राजमा तिकडचा, टोमॅटो, बटाटा, मका तिकडचा. म्हणजे चिलीवाल्यांनी आणि आम्ही एकाच झाडाच्या मिरचीवरून भांडायचं आहे.

हॅचवाला

घाटावरचे, तुमची बेडगी आणि इथली ग्वाहीयो शेजारी ठेवून बघा एकदा. दोन्ही रंगाला जास्त, तिखटाला कमी. मला बेडगी संपली की मी बिनदिक्कत ग्वाहीयो वापरतो, सालाला जरा जाड आहे एवढंच.

मधली_बर्थ

आणि टेक्ससातल्या टेक्ससात टोमॅटोवरून भांडण काय आहे? लवंगीताईंनी वर अर्धवट सोडलंय.

लवंगी_मिरची

आले परत :) टोमॅटोचं असं की कट्टर लोक म्हणतात अजिबात नाही. पण टेक्ससचे सगळ्यात मोठे चिलीप्रेमी म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन. त्यांच्या घरच्या पेडर्नालेस रिव्हर चिलीची रेसिपी लोक इतकी मागायचे की त्यांच्या बायकोने, लेडी बर्डबाईंनी, कार्डं छापून घेतली होती. त्यात टोमॅटो आहे, कांदा आहे. बीन्स मात्र नाहीत! म्हणून मी म्हणते टोमॅटो घातलास तरी कोणी तुला टेक्ससबाहेर काढणार नाही, पण थोडा.

स्पर्धांचं सांगायचं तर मी दोनदा टर्लिंग्वाला जाऊन आलेय. बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाजवळ, पाऱ्याच्या खाणी बंद पडून ओस पडलेलं गाव, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी तिथे हजारो माणसं तंबू ठोकून चिली करतात. १९६७ ला पहिली स्पर्धा झाली ती या बीन्सच्याच भांडणावरून म्हणायला हरकत नाही. एच. ॲलन स्मिथ नावाच्या उत्तरेकडच्या विनोदी लेखकाने एका मासिकात लिहिलं की चिलीतलं माझ्याइतकं कोणाला कळत नाही, आणि त्याच्या रेसिपीत बीन्स! टेक्ससवाले खवळले, विक फाउलर नावाच्या पत्रकाराला त्याच्यासमोर उभं केलं. तीन परीक्षक. एक मत याला, एक त्याला, आणि तिसऱ्याने चाखून सांगितलं की माझी जीभच गेली, निकाल देता येत नाही. बरोबरी!

तिथे नियमच आहे, बीन्स, भात, पास्ता असलं काही घातलं की बाद. परीक्षक रंग, वास, दाटपणा, चव आणि गिळल्यानंतर मागे राहणारी चव असं बघतात. आणि काकांच्या मुद्द्याला जोडून, सुरुवातीची वर्षं तिथे बायकांना उतरूच देत नव्हते. चिली क्वीन्सच्या पदार्थात बायकांना मज्जाव! मग लकनबाखला बायकांनी आपला वेगळा कुकऑफ भरवला.

रात्रपाळी

हे वाचून अंगावर काटा आला. ज्यांनी चालू केलं त्यांनाच बाहेर.

टिंबटिंब

तिसरा परीक्षक माझा आदर्श. जेवायचं आणि भांडणात पडायचं नाही.

शुद्ध_शाकाहारी

सगळं वाचलं, छान वाटलं, पण माझ्या कॉर्नब्रेडचं काय?

जुना_सॅन_अँटोनियोकर

ताई, तुमच्यासाठी माझी बायको करते ती सांगतो. बाजारात मिळतो तो कच्च्या फणसाचा डबा (गोड पाकातला नव्हे, मिठाच्या पाण्यातला), निथळून पिळून तव्यावर कोरडा परतायचा, कडा करपल्यासारख्या होईपर्यंत. बरोबर मशरूम बारीक चिरून, पाणी पूर्ण आटवून. मग लवंगी देतील तेच मिरचीचं वाटण. यात मिरची पुढे येते. मला विचाराल तर बीन्स घातलेल्या चिकनच्या चिलीपेक्षा ही फणसाची चिली जास्त चिली आहे. आमच्या मंडळाच्या कोजागरीला तिने केली होती, मसाला दूध थांबलं आणि लोक हिच्याच मागे.

शुद्ध_शाकाहारी

काका! या शनिवारीच. काकूंना नमस्कार सांगा.

कढईतला_बुडबुडा

मी अजूनही बीन्सच्याच बाजूने आहे हे नोंदवून ठेवतो. पण फणस करणार.

घाटावरचा

चिमणीचा मटणाचा प्रश्न राहूनच गेला की.

लवंगी_मिरची

हो, आता येते मूळ मुद्द्यावर. चिमणे, मटण बिनधास्त. एका मोठ्या चिली संस्थेच्या नियमात पारंपरिक लाल चिलीची व्याख्याच मुळी कुठलंही मांस आणि लाल मिरच्या अशी आहे. आणि टेक्ससात बोकड काही परका नाही, ब्रेडी गावात बोकडाच्या बार्बेक्यूची जागतिक स्पर्धा भरते दर वर्षी. मी गेली दहा वर्षं बोकडाचीच करते. माझं प्रमाण लिहितेय.

तीन पौंड खांद्याचं मटण, हाडं काढून, बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे. खिमा नको, खिम्याची सॉससारखी होते. सहा आंचो, चार ग्वाहीयो, दोन चिले दे आर्बोल तिखटासाठी. देठ काढायचे, बिया झटकायच्या, कात्रीने उघडून सपाट करायच्या आणि तव्यावर मंद आचेवर दाबून एकेक बाजू पंधरा-वीस सेकंद. आंचोला मनुकांसारखा वास सुटला की उचल. काळी पडली तर ती फेकून दे, हळहळू नकोस, एक करपलेली अख्खं पातेलं कडू करते. गरम पाण्यात अर्धा तास, मग वाटायच्या. आता मुख्य गोष्ट, ग्वाहीयोची सालं कितीही वाटली तरी राहतात, ती दाताला चिकटतात. गाळून घेतलंच पाहिजे. गाळणीत जीव जातो, मी पुरणयंत्रातून काढते.

मटण थोडं थोडं करून नीट तांबूस भाज, एकदम टाकलंस तर पाणी सुटून उकडेल. त्याच तेलात एक बारीक कांदा, सहा पाकळ्या लसूण, दोन चमचे जिऱ्याची पूड, मेक्सिकन ओरेगानो एक चमचा, मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परत (हे आपल्याला शिकवायला नको). मटण, मीठ, बेताचं पाणी, आणि दोन-अडीच तास मंद. शेवटी दोन चमचे मासा पाण्यात कालवून. मासा म्हणजे साधं मक्याचं पीठ नाही, चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याचा वास वेगळा. कोथिंबीर घालायचा मोह टाळ.

आदल्या दिवशी कर. दुसऱ्या दिवशीच लागते.

मधली_बर्थ

पुरणयंत्र!! माझ्या आईने दिलेलं दहा वर्षं कपाटात आहे, आता बाहेर काढतो.

ऑस्टिनची_चिमणी

लवंगीताई, शब्द नाहीत माझ्याकडे. आज आंचो आणून ठेवल्या. पुडा उघडल्यावर खरंच मनुकांचा वास येतो! पुरणयंत्र मैत्रिणीकडून आणतेय. कुकऑफ झाला की इथे येऊन सांगेन, बरं-वाईट जे असेल ते.

टिंबटिंब

जागा धरून बसलोय.

घाटावरचा

चिमणे, सोबत कॉर्न चिप्सचा पुडा ने. पुडा आडवा फाडायचा, आत चिली ओतायची, वर कांदा आणि चीज. फ्रिटो पाय म्हणतात त्याला, पुड्यातूनच चमच्याने खातात. मी ह्यूस्टनला भावाकडे आलो होतो तेव्हा मुलांच्या फुटबॉल मॅचला खाल्ला. वरून कट, खाली कुरकुरीत, कांदा पेरलेला. मी भावाला तिथेच म्हटलं, अरे ही मिसळ आहे.

जुना_सॅन_अँटोनियोकर

आणि त्या चिप्सचा धंदा पण १९३२ मध्ये आमच्याच गावात सुरू झाला :)

ऑस्टिनची_चिमणी

(तीन आठवड्यांनी)

आले मंडळी! उशीर झाला, सर्दीने आडवी होते.

तर आदल्या रात्री बसले. पहिल्या खेपेला दोन ग्वाहीयो करपल्या, लवंगीताई तुमचं ऐकलं, टाकून दिल्या, जीवावर आलं होतं. पुरणयंत्रातून वाटण काढलं तेव्हा वर सालांचा अक्षरशः वाटीभर चोथा राहिला आणि खाली जे पडलं ते मखमलीसारखं, गडद विटकरी, नवरा म्हणाला ही तर पैठणीचा रंग आहे. टोमॅटो शेवटच्या क्षणी घातला नाही, हिंमत केली. बीन्स वेगळे शिजवून वेगळ्या भांड्यात नेले आणि पुढे चिठ्ठी लावली, शेजारी घ्या.

बक्षीस मिळालं नाही. पहिला नंबर अकाउंट्समधल्या एकीच्या पांढऱ्या चिकन चिलीला गेला, पांढरे बीन्स घातलेल्या! माझा तिसरा आला बावीस जणांत. पण ते आजोबा. आले, वाटी घेतली, उभ्यानेच पहिला घास घेतला आणि मग बाजूची खुर्ची ओढून बसले. बोलले काहीच नाहीत. दुसरी वाटी घेतली. मग विचारलं, बीफ नाहीये ना हे? म्हटलं बोकड. मान हलवत राहिले. त्यांची आजी सॅन अँटोनियोची, मेक्सिकन, ती बोकडाची करायची म्हणे सणाला, आणि मिरच्या पाट्यावर वाटायची. मेताते म्हणतात त्याला, तीन पायांचा दगडी पाटा असतो, मला फोनवर फोटो दाखवला, अजून त्यांच्या परसात आहे. मी त्यांना आमच्या गावच्या घरचा पाटा दाखवला. काका, मग मी तुम्ही लिहिलेलं त्या चौकातल्या बायकांचं सगळं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, आजीची आई तिथे बसायची असं घरात सांगतात.

जाताना उरलेली सगळी डब्यात भरून घेऊन गेले. दारातून परत वळून म्हणाले, पोरी, जिरं मात्र थोडं कच्चं लागतंय.

जुना_सॅन_अँटोनियोकर

चिमणीताई, त्यांना विचारा मला भेटतील का. मी ऑस्टिनला येईन, कुठल्याही रविवारी.

रात्रपाळी

दोनदा वाचलं. दोन्ही वेळा डोळे भरून आले.

लवंगी_मिरची

थांब थांब, जिरं कच्चं? तू जिरं भाजून पूड केलीस की बाजारची पूड घातलीस?

ऑस्टिनची_चिमणी

बाजारची... भाजायचं होतं का??